जुलैचा प्रश्न विचारणारा संचालक

मार्च संपता संपता नागपूरच्या घराघरांत कूलरच्या ताट्या बदलल्या जातात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तरी वाळ्यातून येणारी हवा दुपारची डुलकी लागू देते. मग मृग लागतो, आषाढ येतो, हवा दमट होते. आणि तोच पंखा, तेच पाणी, त्याच ताट्या असूनही खोलीत नुसती चिकचिक होते. बाहेरचं तापमान उतरलेलं असतं, पण कूलर निकामी. कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि जाताना उष्णता सोबत घेऊन जाते, दमट हवेत तसं घडत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही अनुभवाने ठाऊक आहे.

हेच ज्ञान आता नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये न्यावं. दहा हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये बुरशी वाढते आहे, एन्झाइम तयार करते आहे. वाढणारा जीव उष्णता सोडतो. प्रयोगशाळेतल्या पाव लिटरच्या फ्लास्कमधून ती काचेतूनच निघून जाते. पण भांडं मोठं होत जातं तसं आतलं आकारमान घनाच्या प्रमाणात वाढतं आणि उष्णतेला बाहेर पडायला मिळणारा पृष्ठभाग फक्त वर्गाच्या प्रमाणात. म्हणून मोठ्या भांड्याभोवती जॅकेट लागतं, आत कॉइल लागते, त्यातून गार पाणी फिरवावं लागतं. ते पाणी गार करणारा कूलिंग टॉवर म्हणजे मोठा कूलरच. नागपूर म्हटल्यावर बाहेरगावचा सल्लागार मे महिना धरून हिशेब करतो, पण टॉवरची खरी परीक्षा असते जुलैत. बत्तीस अंशांवर राखायचं तापमान छत्तीसवर गेलं, की बुरशी मंदावते, एन्झाइम कमी उतरतं आणि आठवडाभराची मेहनत सांडपाण्याच्या टाकीत जाते.

प्रकल्प मंजूर करताना संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं होतं, "मे ठीक आहे, जुलैचं काय?" जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढणाऱ्याने संचालक निवडताना एवढं एकच पाहावं: हा माणूस जुलैचा प्रश्न विचारेल का?

औद्योगिक जैवतंत्रज्ञान म्हणजे सूक्ष्मजीव आणि त्यांची एन्झाइम्स वापरून कारखान्यात माल बनवणं: इथेनॉल, सेंद्रिय आम्लं, कापडाला मऊपणा देणारी सेल्युलेज, कागदाचा लगदा कमी क्लोरीनमध्ये पांढरा करू देणारी झायलनेज. विदर्भाला हे परकं नाही. बल्लारपूरला कागद आहे, भंडारा-गोंदियाला धानाचा पेंढा आहे, संत्र्याच्या साली आहेत, कापूस तर आहेच. ज्ञानाचीही वाण नाही. दानशूर खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये उभं राहिलेलं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) 2023 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) 1958 पासून इथे आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञान उद्योगासाठीचं बायोई3 धोरण मंजूर केलं. बायरॅक या केंद्रीय संस्थेच्या 'बिग' योजनेतून नवउद्योजकाला पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. संशोधक आहे, कच्चा माल आहे, सुरुवातीचे पैसेही उभे राहतात. अडतं ते पुढे, कंपनी चालवणाऱ्या चार-पाच माणसांच्या निवडीत.

बहुतेक कंपन्या एकाच पद्धतीने जन्माला येतात. संशोधक आणि त्याचा मित्र, किंवा संशोधक आणि त्याची पत्नी. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक पुरतात, पब्लिक लिमिटेडला तीन लागतात, आणि एक तरी संचालक आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. सीए कागदपत्रं तयार करून आणतो, डिजिटल सही होते, संध्याकाळी पेढे वाटले जातात.

सहीपुरती बसवलेली माणसं कंपनीला काही देत नाहीत, आणि स्वतः मात्र मोठी जोखीम उचलतात. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत, तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. 2017 मध्ये केंद्र सरकारने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांना एका फटक्यात अपात्र केलं. त्यात केवळ भावाने किंवा नवऱ्याने सांगितलं म्हणून सही केलेल्या कितीजणी असतील, याचा विचार करून वाईट वाटतं. दुसरी जोखीम बँकेची. फर्मेंटेशनचा धंदा भांडवलखाऊ असतो. स्टेनलेस स्टीलची भांडी, बॉयलर, हवेचे कॉम्प्रेसर यांत कोट्यवधी जातात आणि बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी हमीदार सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून घरातल्या माणसाला संचालक करायचं, तर काम देऊन करावं. हिशेब, खरेदी, मनुष्यबळ, काहीही. पण त्या माणसाने विषयपत्रिका वाचावी, बैठकीत बोलावं, आणि हमीपत्रावर सही करण्याआधी आपल्या वकिलाला विचारावं.

दोन खुर्च्या भरल्यावर तिसरी कुणाची?

इथे बहुतेकांची निवड चुकते. एखादे निवृत्त सनदी अधिकारी, माजी कुलगुरू, नावाजलेले डॉक्टर यांना गळ घातली जाते. नावाने दारं उघडतात हे खरं; पण बॅच का नासली, हे नाव सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या थेरानोस या कंपनीचं उदाहरण जगाने पाहिलं. 2003 मध्ये सुरू झालेल्या या रक्ततपासणी कंपनीच्या मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ होते, माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी होते, जनरल जेम्स मॅटिस होते. राजकारण आणि युद्धनीती कोळून प्यालेली माणसं. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबातून एवढ्या तपासण्या खरंच होतात का, हे यंत्रापाशी उभं राहून विचारणारं त्यांत जवळजवळ कुणी नव्हतं. 2018 मध्ये कंपनी बंद पडली आणि जानेवारी 2022 मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या.

मोठ्या माणसांचा आदर करावा, सल्ला घ्यावा, पण त्यासाठी सल्लागार मंडळ आहे. सल्लागार मंडळाला कायद्याने जबाबदारी नसते, त्याची बैठक वर्षातून एकदा झाली तरी चालते. संचालक मात्र बारा महिन्यांत मंडळाच्या एकाही बैठकीला आला नाही, तर त्याची जागा कायद्यानेच रिकामी होते. येऊ न शकणाऱ्या माणसाला संचालक करणं म्हणजे त्याच्यावर आणि कंपनीवर, दोघांवरही अन्याय आहे.

तिसऱ्या खुर्चीवर मोठी भांडी हाताळलेला माणूस बसवावा. तो नावाजलेला नसेल. पिंपरीला 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने या राज्यात फर्मेंटेशनची कारागिरी रुजवली. पेनिसिलिनच्या टाक्यांवर रात्रपाळ्या केलेले, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत हयात घालवलेले, बल्क ड्रगच्या कारखान्यात प्लांट हेड म्हणून निवृत्त झालेले लोक महाराष्ट्रभर आहेत. असा माणूस शेडमध्ये शिरताच वास घेतो आणि विचारतो, "इथे कंटॅमिनेशन किती बॅचला होतं?" व्हॉल्व्हच्या सीलवर बोट फिरवतो, हवेचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारतो, ऑपरेटरची लॉगशीट मागतो. त्याला पीएचडीची भाषा येत नसेल. पण दोनशे लिटरवरून दहा हजार लिटरवर जाताना ऑक्सिजन कुठे अपुरा पडेल, हे तो कागदावर गणित मांडण्याआधी सांगतो.

चौथा माणूस गिऱ्हाइकाच्या बाजूचा असावा. एन्झाइमची जाहिरात बघून कुणी ते विकत घेत नाही. कागद गिरणीतला लगदा विभागाचा प्रमुख, कापड प्रोसेसिंगचा मास्टर हेच ठरवतात की किलोमागे किती रुपये वाचले तर आपण जुनं रसायन सोडू. त्या जगातून आलेला एक जण मंडळावर असला, की संशोधकाला आपलं एन्झाइम कितीही सुंदर वाटो, बाजाराचा भाव टेबलावर येतो.

पाचव्या खुर्चीवर पैशाचा माणूस: भांडवल मागणारा नव्हे, रोखीचा प्रवाह बघणारा. बॅच सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाचे पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, एवढा एक आकडा त्याने दर बैठकीला मागितला तरी पुष्कळ झालं.

या बाबतीत महाराष्ट्रातलं डोळ्यांसमोर ठेवावं असं उदाहरण पुण्याचं आहे. प्रमोद चौधरी यांनी 1983 मध्ये प्राज सुरू केली. आयआयटी मुंबईतून 1971 मध्ये बाहेर पडलेला मेकॅनिकल इंजिनीअर, जीवशास्त्रज्ञ नव्हे. डिस्टिलरीची यंत्रणा बनवण्यापासून सुरुवात करून प्राजने पुण्याजवळ 'प्राज मॅट्रिक्स' हे संशोधन केंद्र उभारलं. इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पात पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचं तंत्रज्ञान याच कंपनीचं. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी आखलेला तो प्रकल्प 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. औद्योगिक जैवतंत्रज्ञानातल्या नवोन्मेषासाठी दिला जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पुरस्कार 2020 मध्ये चौधरींना मिळाला.

पुरस्काराइतकीच दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 2018 मध्ये कंपनीची मुख्याधिकारी आणि व्यवस्थापकीय संचालकाची खुर्ची शिशिर जोशीपुरा यांच्याकडे गेली. ते एसकेएफ इंडियातून आलेले. त्यांच्यानंतर आशिष गायकवाड आले, हनीवेल ऑटोमेशनमधून. बेअरिंग आणि ऑटोमेशन या अचूक यंत्रांच्या दुनियेतली माणसं जैवइंधनाच्या कंपनीचं सुकाणू धरतात, आणि संस्थापक अध्यक्षपदावरून दिशेकडे लक्ष देतो. ज्याने कंपनी जन्माला घातली त्यानेच ती रोज चालवली पाहिजे असं नाही. विदर्भातल्या संशोधक-संस्थापकाने हे मनाशी लवकर ठरवावं: आपलं सर्वांत चांगलं काम प्रयोगशाळेत आहे की बँकेच्या केबिनमध्ये? उत्तर प्रयोगशाळा असेल तर मुख्य वैज्ञानिक अधिकारी हे पद कमीपणाचं नाही. व्यवस्थापकीय संचालक बाहेरून आणावा, आणि त्याला निर्णय घेऊ द्यावे.

संस्थापकाचं मन जिथे सर्वांत जास्त गुंतलेलं असतं, तिथे मंडळाची गरज सर्वांत जास्त असते. किरण मजुमदार यांनी 1978 मध्ये बंगळुरात दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली, एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत. पहिला माल होता पपईच्या चिकातून निघणारं पपेन आणि माशापासून मिळणारं आयसिंग्लास. म्हणजे बायोकॉनचा जन्मच औद्योगिक एन्झाइम्समधला. पण 2007 मध्ये कंपनीने तोच एन्झाइमचा धंदा डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सला साडेअकरा कोटी डॉलरला विकला आणि औषधांवर सगळा जोर लावला. ज्या मालावर कंपनी उभी राहिली तोच विकायचा हा निर्णय संस्थापकाने एकट्याने घेणं फार कठीण असतं. आसपास असे लोक लागतात ज्यांचा त्या पहिल्या फर्मेंटरशी काही भावबंध नाही, आणि जे शांतपणे विचारू शकतात की पुढच्या दहा वर्षांत हे पैसे कुठे जास्त काम करतील.

विकत घेणारी नोव्होझाइम्सही पाहण्यासारखी आहे. जानेवारी 2024 मध्ये क्रिस्टियन हॅन्सन या कंपनीशी एकत्र येऊन ती नोव्होनेसिस झाली. डेन्मार्कच्या कायद्यानुसार तिथल्या मंडळावर भागधारकांनी निवडलेल्या सदस्यांबरोबर कामगारांनी निवडून दिलेले सदस्यही बसतात. फर्मेंटरपाशी उभा असलेला माणूस थेट मंडळात! आपल्याकडे असा कायदा नाही, पण तो हेतू साधायला कायदा लागत नाही. तिमाहीत एकदा शिफ्ट इन्चार्जला बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी बोलवावं. "या तीन महिन्यांत काय बिघडलं?" एवढंच विचारावं, आणि तो बोलत असताना व्यवस्थापकीय संचालकाने मधे बोलू नये.

वाईट बातमी वर पोचायला उशीर झाला की काय होतं, ते कॅलिफोर्नियाच्या झायमर्जेनने दाखवलं. सूक्ष्मजीवांपासून नवे पदार्थ बनवणारी ही कंपनी एप्रिल 2021 मध्ये शेअर बाजारात आली आणि पन्नास कोटी डॉलर उभे केले. घडी घालता येणाऱ्या फोनच्या पडद्यासाठी 'हायलाइन' नावाची फिल्म हा तिचा पहिला मोठा माल. 3 ऑगस्टला, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांनी, कंपनीला सांगावं लागलं की या मालातून यंदा उत्पन्न येणार नाही आणि पुढच्या वर्षीही नगण्यच येईल. गिऱ्हाइकांना फिल्म वापरताना अडचणी येत होत्या. शेअरची सुमारे तीन चतुर्थांश किंमत एका दिवसात गेली, मुख्याधिकाऱ्यांनी पद सोडलं, अध्यक्षांना कारभार हाती घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिथे भांडवल होतं, हुशार माणसं होती, अध्यक्षही जनुकशास्त्राच्या उद्योगातले मुरलेले. तरीही 'गिऱ्हाईक हा माल सध्या कसं वापरतं आहे' हे वेळेवर नीट समजलं नाही. चौथी खुर्ची गिऱ्हाइकाच्या बाजूच्या माणसाला द्यावी, ती यासाठीच.

नागपूरला असाच धडा घराजवळच मिळालेला आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठासोबत 'बिकानेरी नरमा' हे बीटी कापसाचं सरळ वाण तयार केलं. दरवर्षी नवं संकरित बियाणं विकत घ्यायला न लावणारं, शेतकऱ्याला स्वतःचं बी राखू देणारं, सरकारी संस्थेचं बीटी. 2008 मध्ये मंजुरी मिळाली, 2009 च्या हंगामात ते शेतात गेलं आणि लगेच विक्री थांबवावी लागली. त्यात मोन्सॅन्टोच्या बीटीचं जनुक आढळल्याने मूळ दाव्यावरच प्रश्न उभा राहिला. चौकशीसाठी सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल 2012 मध्ये आला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या फायद्याच्या एका कामाची अशी गत व्हावी, याची चुटपुट आजही लागते. कंपनीच्या संचालकांनी यातून एक नियम उचलावा: मूळ वाण, जंतू किंवा कल्चर यांची शुद्धता बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायची, प्रत्येक टप्प्यावर, आणि तो अहवाल थेट मंडळापुढे ठेवायचा. ज्याने वाण तयार केलं त्याच्याच हातून तो अहवाल येऊ नये.

कल्चरचा विषय निघालाच आहे, तर मंडळाने पहिल्या वर्षी एक साधी गोष्ट विचारावी. कंपनीचा मूळ जंतू, जो कंपनीची खरी मालमत्ता आहे, तो ठेवला आहे कुठे? उणे ऐंशीच्या एकाच फ्रीजरमध्ये असेल आणि मे महिन्यात वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, तर कंपनी एका रात्रीत रिकामी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पेटंटसाठी आंतरराष्ट्रीय मान्यतेने जंतू जमा करायचा असेल तर चंदीगडचा एमटीसीसी आणि पुण्याचा एमसीसी हे संग्रह आहेत. जमा केल्याची पावती कंपनी सेक्रेटरीच्या फाइलमध्ये हवी. पेटंट कुणाच्या नावावर आहे, संस्थापकाच्या, त्याच्या जुन्या संस्थेच्या की कंपनीच्या, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावं. संस्थापक सरकारी संस्थेत असताना हा शोध लागला असेल, तर परवान्याचा करार पाहिल्याशिवाय गुंतवणूकदाराकडे जाऊच नये.

जंतू आला कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं कार्यालय नागपुरातच आहे. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्यानुसार भारतीय कंपनीने व्यापारी वापरासाठी जैविक संसाधन घेण्याआधी राज्य जैवविविधता मंडळाला कळवायचं असतं, आणि महाराष्ट्राचं मंडळ नागपुरात आहे. परकीय नियंत्रणाखालच्या कंपनीला मात्र चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. इथे मंडळाच्या रचनेचा थेट संबंध येतो. 2023 च्या दुरुस्तीआधी कंपनीच्या भागभांडवलात किंवा व्यवस्थापनात कुठलाही अभारतीय सहभाग असला, तरी ती कंपनी दुसऱ्या रांगेत जायची. म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला मावसभाऊ संचालक झाला, की सगळी कागदपत्रं बदलायची. आता कसोटी परकीय नियंत्रणाची आहे. तरीही परदेशी गुंतवणूकदार येताना सेक्रेटरीने हा मुद्दा विषयपत्रिकेवर घ्यावाच. भारतीय कंपन्यांनाही लाभवाटप चुकत नाही, हे उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिव्य फार्मसी प्रकरणात सांगितलं आहे.

लोणार सरोवराचं उदाहरण घ्यावं. तिथल्या अतिक्षारीय पाण्यात जगणारे जंतू साबणाच्या पाण्यातही टिकणारी एन्झाइम्स देऊ शकतात, म्हणून संशोधकांचा डोळा त्या सरोवरावर कायम असतो. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे नमुने गेले, आणि रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं निष्पन्न झालं. हे सरोवर अभयारण्य आहे, रामसर स्थळही. बाटलीभर पाणी आणून त्यातला जंतू कारखान्यात लावणाऱ्या कंपनीच्या संचालकांना वन विभागाची परवानगी आणि जैवविविधता मंडळाकडचा अर्ज, दोन्ही दाखवता आले पाहिजेत.

जंतूचं जनुक बदललेलं असेल, तर 1989 चे नियम लागतात. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या वर्षी 5 डिसेंबरला अधिसूचित झालेले हे नियम सांगतात की अशा प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी, आणि तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी हवा. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पुष्कळ ठिकाणी ही समिती प्रयोगशाळेच्या कपाटातली एक फाइल होऊन बसते. तिचं इतिवृत्त संचालक मंडळापुढे यावं, एका संचालकाने ते पूर्ण वाचलेलं असावं.

कारखाना सुरू होताना एका संचालकाचं नाव 'ऑक्युपायर' म्हणून द्यावं लागतं. मॅनेजरचं नाव देऊन भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात 1996 मध्येच ते स्पष्ट केलं. सुरक्षेची कायदेशीर जबाबदारी त्या माणसावर येते. ही जागा सर्वांत गरीब स्वभावाच्या संचालकाच्या गळ्यात बांधली जाते, असं अनेकदा दिसतं. ती त्यालाच द्यावी जो आठवड्यातून दोन-तीनदा शेडमध्ये असतो आणि ज्याच्या शब्दावर उत्पादन थांबतं. कंपनी कायद्याच्या कलम 166 मध्ये संचालकाची कर्तव्यं सांगताना भागधारक आणि कामगारांसोबत समाज आणि पर्यावरणाचं रक्षणही लिहिलेलं आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, गडद तपकिरी आणि उग्र. तो कुठे जातो, हे विचारणं म्हणून कुणाचा छंद नाही, कायद्याने सोपवलेलं काम आहे.

नातेवाइकांशी होणारे व्यवहारही इथे उघडपणे बोलायला हवेत. हिंगण्यातली शेड काकांची असते, ट्रक मेहुण्याचे असतात. त्यात पाप नाही. संबंधित संचालकाने दरवर्षीच्या पहिल्या बैठकीत आपले हितसंबंध लेखी जाहीर करावेत, भाडं बाजारभावाने ठरवावं आणि जिथे मंडळाची मंजुरी कायद्याने लागते तिथे ती आधी घ्यावी.

स्वतंत्र संचालक कायद्याने कधी लागतात? प्रायव्हेट कंपनीला नाही. शेअर बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल 10 कोटी, उलाढाल 100 कोटी किंवा कर्ज 50 कोटींच्या पुढे गेलं, की किमान दोन. बाजारात आल्यावर किमान एक तृतीयांश, आणि अध्यक्ष प्रवर्तक किंवा कार्यकारी असेल तर निम्मे. भागभांडवल 100 कोटी किंवा उलाढाल 300 कोटी झाली की पब्लिक कंपनीत एक महिला संचालक अनिवार्य. स्वतंत्र संचालकाला शेअरचे पर्याय देता येत नाहीत. बैठकीचं मानधन एका बैठकीला एक लाखापर्यंत देता येतं. पण त्या मर्यादेची वाट पाहत बसू नये. प्रायव्हेट कंपनीनेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाहेरचा एक माणूस घ्यावा आणि त्याला परवडेल तेवढं मानधन नियमित द्यावं. फुकट आलेला माणूस अडचणीचा प्रश्न विचारायला संकोचतो.

बैठका किती? कायद्याने वर्षाला चार, दोन बैठकांत 120 दिवसांहून जास्त अंतर नको. छोट्या कंपनीला दर सहामाहीत एक पुरते. फर्मेंटेशनच्या कंपनीने छोटी असली तरी चार घ्याव्यात, ऋतूंप्रमाणे. फेब्रुवारीत पैशाची, मे महिन्यात पाण्याची आणि विजेची, जुलैत उत्पादनाची, दिवाळीनंतर गिऱ्हाइकांची. प्रत्येक बैठकीत एक पान ठरलेलं असावं: या तिमाहीत किती बॅच लावल्या, किती पूर्ण झाल्या, किती नासल्या, कशामुळे. नासलेल्या बॅचच्या रकान्यात शून्य असेल तर त्या पानावर विश्वास ठेवू नये, लॉगशीट मागवावी. इतिवृत्तात केवळ 'चर्चा झाली' असं न लिहिता कुणी काय विचारलं आणि कोण कधीपर्यंत उत्तर देणार ते लिहावं. विरोध नोंदवायचा असेल तर संचालकाने त्याच बैठकीत, नाव घालून नोंदवावा.

नोटीस निदान सात दिवस आधी निघावी लागते, आणि कागदपत्रं तिच्यासोबतच गेली पाहिजेत. टेबलावर ऐनवेळी ठेवलेला तक्ता कुणी वाचत नाही. जुलैच्या बैठकीच्या नोटिशीसोबत कूलिंग टॉवरमधून निघणाऱ्या पाण्याचं जूनमधलं रोजचं तापमान जोडावं, पाऊस सुरू झाल्याची तारीख त्यावर लाल पेनाने दाखवून.